जागा असेल तोवर

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी एक नागरी सहकारी बँक होती. ३२ शाखा, लाखभर खातेदार, आणि या सगळ्यांचा हिशेब मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सर्व्हर रूममध्ये एका स्टोरेज ॲरेवर राहत असे. २४ डिस्क. कोअर बँकिंगचा डेटाबेस, खातेदारांची स्कॅन केलेली कागदपत्रं, चेकच्या प्रतिमा, कर्जाच्या फायली, सगळं त्या २४ डिस्कवर.

बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी काटकसरी होते आणि त्यांची काटकसर दिखाऊ नव्हती. बँक तोट्यात असताना त्यांनी ती हाती घेतली होती. शाखांची भाडी घासाघीस करून कमी केली, बुडीत कर्जांच्या मागे स्वतः फिरले, कागद दोन्ही बाजूंनी छापायला लावला. ठेवीदारांचा पैसा आहे, तो उधळायचा नाही, एवढं एकच तत्त्व त्यांनी धरलं आणि बँक वर आणली. म्हणून त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे.

ऑक्टोबरात आयटी विभागाचं एक टिपण त्यांच्या टेबलावर आलं. स्टोरेज ७५ टक्के भरलं आहे, डिस्कचं आणखी एक शेल्फ घ्यावं, असा प्रस्ताव होता. साहेबांनी आकडे वाचले. एकूण २० टीबी, वापरलेली १५. त्यांनी शेरा मारला : ‘५ टीबी जागा शिल्लक आहे. ९५ टक्के झाल्यावर प्रस्ताव पुन्हा सादर करावा.’ टिपण फाइलला लागलं. विभागप्रमुखांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. जागा शिल्लक असताना जागा विकत घ्यायची कशाला?

त्या विभागात दोन माणसं होती, ज्यांच्यामुळे ही गोष्ट सांगण्याजोगी झाली. एक अण्णा. ते बँकेत लागले तेव्हा खतावण्या हाताने लिहिल्या जात. मग लेजर पोस्टिंग मशीन आली, मग शाखाशाखांत सर्व्हर, मग कोअर बँकिंग. प्रत्येक बदल त्यांनी हाताने केला होता आणि आता निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. दुसरी, नुकतीच इंजिनिअर होऊन आलेली एक मुलगी. तिला अजून कुणी महत्त्वाचं काम दिलं नव्हतं, म्हणून ती रोज सकाळी आधीच्या रात्रीचे आकडे एका वहीत उतरवून ठेवायची.

हिवाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. ‘पासबुक छापायला वेळ लागतोय.’ ‘खातं उघडलं की स्क्रीन अडकते.’ रात्री आठला सुरू होणारं डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब मिटवण्याचं काम, पूर्वी सव्वानऊच्या आत आटपायचं. डिसेंबरात ते दहाला संपू लागलं, फेब्रुवारीत अकरा वाजून जाऊ लागले. सॉफ्टवेअरवाल्या कंपनीने नेटवर्ककडे बोट दाखवलं. नेटवर्कवाल्यांनी लाइन तपासून डेटाबेसकडे बोट दाखवलं. डेटाबेसवाल्यांनी सर्व्हरचा सीपीयू पाहिला, तर तो निम्म्याहून जास्त वेळ रिकामा बसलेला. स्टोरेजकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. तिथे तर अजून जागा होती.

मुलीने वही उघडली. जूनमध्ये ॲरे ६२ टक्के भरलेला, एका मागणीला उत्तर द्यायला सरासरी ४ मिलिसेकंद. डिसेंबरात ८० टक्के, ९ मिलिसेकंद. फेब्रुवारीत ८८ टक्के, १७ मिलिसेकंद. सेकंदाला येणाऱ्या मागण्या मात्र जून ते फेब्रुवारी जवळपास तेवढ्याच. काम वाढलं नव्हतं. तेच काम करायला चौपट वेळ लागत होता.

ती वही घेऊन अण्णांकडे गेली. अण्णांनी पान वाचलं आणि तिला सर्व्हर रूममध्ये नेलं. डे-एंड चालू होतं. “दिवे बघ,” ते म्हणाले. डिस्कचे हिरवे दिवे एरवी डे-एंडच्या वेळी एका लयीत उघडझाप करत. २२ दिवे एकदम लागायचे, एकदम विझायचे. आता ते भलत्याच वेळी, एकेकटे, न थांबता फडफडत होते.

“आधी हे एकत्र काम करायचे. आता जो तो एकटा पळतोय,” अण्णा म्हणाले, आणि बाहेर येऊन त्यांनी पांढऱ्या फळ्यावर ११ चौकोन काढले.

“आपल्या २४ डिस्कपैकी २ राखीव. उरलेल्या २२ चे ११-११ चे दोन गट. प्रत्येक गट रेड ६. म्हणजे ९ डिस्कवर माहिती, २ डिस्कची जागा पॅरिटीला. दोन डिस्क एकदम गेल्या तरी माहिती परत उभी करता येते. आता मला सांग, नऊच्या नऊ घरं मोकळी असतील, तर ९ ब्लॉक लिहायला काय करावं लागेल?”

“नऊ ब्लॉक लिहायचे आणि त्यावरून हिशेब करून पॅरिटीचे दोन. एकूण ११ वेळा लिहायचं.”

“बरोबर. आणि या रांगेत फक्त एकच घर मोकळं असेल तर?”

तिने विचार केला. “एकच ब्लॉक लिहिता येईल. पण पॅरिटी बदलायला जुनी पॅरिटी माहीत हवी. त्या घरात आधी काय होतं तेही हवं. म्हणजे तीन वेळा वाचायचं आणि तीन वेळा लिहायचं. एका ब्लॉकला ६ फेऱ्या.”

“मग असे नऊ ब्लॉक नऊ वेगवेगळ्या रांगांत लिहायचे झाले तर?”

“५४.”

अण्णांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले. ११ आणि ५४. “माहिती तेवढीच, डिस्क त्याच. फरक फक्त मोकळी जागा सलग आहे की विखुरलेली, याचा.”

मग त्यांनी तिला ॲरेची रीत समजावली. हा ॲरे जुन्या नोंदीवर नवी नोंद लिहीत नाही. एखाद्या खात्याची शिल्लक बदलली की नवा ब्लॉक तो मोकळ्या जागी लिहितो आणि मग जुना सोडून देतो. यात शहाणपण आहे. लिहिता लिहिता वीज गेली तरी जुनं शाबूत राहतं, आणि स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीच्या माहितीची जशीच्या तशी प्रत, क्षणात निघतो, कारण जुने ब्लॉक नुसते धरून ठेवायचे असतात. १९९४ मध्ये नेटॲपच्या डेव्ह हिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडलेली ‘वॅफल’ ही फाइल सिस्टीम याच रीतीची, आणि पुढे सन मायक्रोसिस्टिम्सने केलेली झेडएफएसही. पण ही रीत मोकळ्या जागेवर जगते. मोकळी जागा भरपूर असली की सलग पट्टे मिळतात. भरत आली की एक घर इथे, दोन तिथे. त्यात लिहिलेली माहितीही तशीच विखुरते.

“आणि विखुरलेली माहिती वाचायला पुन्हा वेळ,” अण्णा म्हणाले. “आपल्या डिस्क मिनिटाला १०,००० वेळा फिरतात. एका फेऱ्याला ६ मिलिसेकंद. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, ३ मिलिसेकंद, आणि डोकं त्या रेषेवर न्यायला आणखी वेळ. माहिती सलग असली की हा वेळ एकदा द्यावा लागतो. तुकडे झाले की प्रत्येक तुकड्याला. व्याज लावताना आपण लाखभर खाती ओळीने वाचतो. ती ओळ आता ओळ राहिलेली नाही.”

“पण अण्णा, हे इतकं साधं असेल तर आजवर कुणी लिहून कसं ठेवलं नाही?”

“ठेवलंय की. वाचतं कोण?” अण्णा म्हणाले, आणि त्यांनी कपाटातून झेरॉक्स काढलेले दोन जुने निबंध तिच्यापुढे ठेवले.

पहिला १९८४ चा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय आणि त्यांच्या साथीदारांनी युनिक्ससाठी नवी, वेगवान फाइल सिस्टीम लिहिली. तिच्यात त्यांनी एक नियमच घालून ठेवला. डिस्कचा ठराविक हिस्सा, नेहमीच्या वापरात १० टक्के, कायम मोकळा राहील आणि सामान्य वापरणाऱ्याला त्याला हात लावता येणार नाही. कारणही लिहिलं होतं : मोकळे ब्लॉक संपत आले की एका फाइलचे ब्लॉक जवळजवळ ठेवता येत नाहीत आणि वेग जवळपास निम्म्यावर येतो. लिनक्सच्या एक्स्ट फाइल सिस्टीममध्ये ५ टक्के जागा सुपरयूजरसाठी आजही राखलेली असते, ती याच वळणाची.

दुसरा १९९१ चा, तोही बर्कलीचाच. मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन औस्टरहाउट यांचा. नवी माहिती नेहमी सलग पट्ट्यातच लिहायची, तर आधी जुने पट्टे रिकामे करायला हवेत. त्यासाठी प्रत्येक पट्टा वाचायचा, त्यातली कामाची माहिती दुसरीकडे लिहायची, आणि मग मिळालेल्या जागेत नवी लिहायची. या सगळ्याचा खर्च त्यांनी एका सूत्रात बसवला. एकातून पट्ट्याचा भरलेला भाग वजा करा आणि उरलेल्याने दोनाला भागा.

मुलीने वहीत गणित केलं. पट्टे ५० टक्के भरलेले, तर एक माप नवी माहिती लिहायला ४ मापं काम. ७५ टक्के भरलेले, तर ८. ८० टक्के, तर १०. ९० टक्के, तर २०. ९५ टक्के, तर ४०.

“हे सूत्र जसंच्या तसं आपल्या पेटीला लागत नाही,” अण्णांनी बजावलं. “त्यांची रचना थोडी वेगळी, आणि सगळे पट्टे काही सारखे भरलेले नसतात. हुशार पेटी आधी रिकामे पट्टे शोधते. पण वळण बघ. रेषा सरळ चढत नाही. शेवटी शेवटी उभीच होते.”

मुलीची नजर दोन आकड्यांवर थांबली होती. ७५ आणि ९५. साहेबांच्या शेऱ्यातले तेच दोन आकडे. कागदावर २० टक्क्यांचं अंतर, पण सूत्राप्रमाणे काम ८ वरून ४० वर, म्हणजे पाचपट.

तिने दुसऱ्याच दिवशी टिपण लिहिलं. विभागप्रमुखांनी ते वाचलं, पटल्यासारखं केलं आणि म्हणाले, “आता ऑडिटची गडबड आहे. मार्च होऊन जाऊ दे, मग एप्रिलमध्ये बघू.” मार्चअखेर तोंडावर असताना साहेबांपुढे नवा खर्च न्यायची त्यांची छाती झाली नाही.

मार्चअखेर म्हणजे बँकेची वर्षातली सर्वात जड रात्र. व्याजाची आकारणी, थकीत कर्जांचं वर्गीकरण, ताळेबंद, सगळं ३१ तारखेच्या डे-एंडला जोडून येतं. आणि २९ मार्चला ॲरे ९३ टक्के भरलेला होता. आदल्या रात्रीचं डे-एंड पहाटे साडेतीनला संपलं होतं. आता विभागप्रमुख घाबरले. त्या दिवशी अण्णा एका शाखेच्या कामासाठी बाहेरगावी होते.

“डिलीट करा, जे जे नको ते सगळं डिलीट करा,” प्रमुखांनी सांगितलं.

शोधल्यावर नको असलेलं पुष्कळ निघालं. सॉफ्टवेअर कंपनीने चाचणीसाठी मूळ डेटाबेसच्या तीन प्रती काढल्या होत्या आणि काम झाल्यावर तशाच सोडल्या होत्या. अडीच टीबी. शाखांच्या सीसीटीव्हीचं चित्रण कुणीतरी सोय म्हणून याच ॲरेवर वळवलं होतं. तेही अडीच टीबी. कर्ज विभागाने एकाच फायली दोनदा स्कॅन केल्या होत्या. प्रत्येकाने आपापली सोय पाहिली होती, आणि जागा कुणाचीच नसल्यामुळे तिची काळजीही कुणाची नव्हती.

आधी चाचणीच्या प्रती डिलीट झाल्या. सगळे स्क्रीनकडे बघत बसले. आकडा ९३ चा ९३ राहिला.

कारण स्नॅपशॉट. ॲरे रोज रात्री एक स्नॅपशॉट काढत होता आणि गेल्या ४० दिवसांचे स्नॅपशॉट जपून होता. फाइल डिलीट झाली तरी तिचे ब्लॉक त्या चाळीस स्नॅपशॉटनी धरून ठेवलेले. जागा सुटायची तर स्नॅपशॉट सोडायला हवेत.

“मग तेही उडवा,” प्रमुख म्हणाले. मुलगी घुटमळली, पण हुकूम होता. दुपारी साडेतीनला ३० स्नॅपशॉट एकदम डिलीटला टाकले गेले.

ॲरेने हुकूम लगेच मानला, पण काम आता सुरू झालं होतं. कुठला ब्लॉक अजून कुणाला हवा आहे, कुठला कुणालाच नको, हे ठरवायला त्याला लाखो नोंदी वाचायच्या होत्या आणि लाखो नोंदी नव्याने लिहायच्या होत्या. त्या नव्या नोंदी लिहायलाही मोकळी जागाच लागत होती, विखुरलेली, एकेक घराची. आधीच दमलेल्या डिस्कवर हे काम येऊन पडलं. उत्तराची वेळ ३० मिलिसेकंदांवरून १०० च्या वर गेली. चार वाजता शाखांचे फोन सुरू झाले. कॅशियरच्या खिडकीवर रांगा, स्क्रीन गोठलेली. वर्षाच्या शेवटच्या दिवसांत कर्जाचा हप्ता भरायला आलेली माणसं पावतीसाठी ताटकळत उभी. सव्वापाचला एका शाखाधिकाऱ्याने थेट साहेबांना फोन लावला.

साहेब दुसऱ्या मजल्यावर आले तेव्हा अण्णाही नुकतेच पोचले होते. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. “रांगेतले उरलेले स्नॅपशॉट थांबवा,” ते म्हणाले. “जेवढे सुरू झालेत तेवढे होऊ देत. कॅमेऱ्यांचं नवं चित्रण इथे येणं आत्ता बंद करा, कोपऱ्यातल्या त्या स्वस्त नेटवर्क स्टोरेजवर वळवा. स्कॅनिंग दोन दिवस बंद. मोठे रिपोर्ट कुणी काढायचे नाहीत. आधी येणारं थांबवू, मग असलेलं सोडवू.”

त्या रात्री आणि पुढच्या रात्री ते दोघं बसून होते. काउंटर बंद झाल्यावर एक स्नॅपशॉट सोडायचा, उत्तराची वेळ खाली येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. डे-एंड सुरू झालं की हात बांधून बसायचं, संपलं की पुन्हा एक. ३१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत आकडा ८४ वर आला.

साहेबांना हायसं वाटलं. “म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या जागेवर आलो. तेव्हा डे-एंड दहाच्या सुमारास संपायचं.”

“आज नाही संपणार, साहेब,” अण्णा म्हणाले.

तसंच झालं. रात्रभर आकारणी चालू राहिली. साहेब घरी गेले नाहीत. पहाटे तीनच्या सुमारास त्यांनी विचारलं, “टक्का उतरला, मग वेळ का उतरली नाही?”

उत्तर मुलीने दिलं. “साहेब, जागा सुटली ती भोकाभोकांनी सुटली. जिथे जिथे जुने ब्लॉक होते तिथे एकेक घर मोकळं झालं. डिसेंबरात ८० टक्क्यांना मोकळी जागा बरीचशी सलग होती. आज ८४ ला ती सगळीकडे सांडलेली आहे. आणि गेल्या तीन महिन्यांत जे लिहिलं गेलं, ते तुकड्यांतच लिहिलं गेलंय. ते डिलीट करून जुळत नाही. ते उचलून पुन्हा सलग लिहावं लागतं, आणि तसं लिहायला पुन्हा सलग जागा लागते.”

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बँकेत ठेव आली की ती सगळीच्या सगळी कर्जाला देता येत नाही. काही हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, काही रोख्यांत, काही तिजोरीत. तो पैसा निष्क्रिय आहे असं म्हणणाऱ्या संचालकांशी मी कितीदा भांडलोय. तो आहे म्हणून उरलेली बँक चालते, असं मीच सांगायचो. आणि इथे मी काय केलं? गंगाजळीच वाटून टाका म्हणालो.”

वर्षअखेरचं काम १ एप्रिलच्या दुपारी संपलं. १ एप्रिलला बँका हिशेबासाठी ग्राहकांना बंद असतात, म्हणून खातेदारांना त्याची झळ लागली नाही. तेवढ्या एका दिवसाच्या सवडीने बँकेची अब्रू राहिली.

एप्रिलच्या पहिल्याच बैठकीत साहेबांनी शेल्फ मंजूर केलं, आणि एका संचालकांनी रास्त प्रश्न विचारला. “डिस्क जुन्या झाल्या. सरळ एसएसडी घेऊ. त्यात फिरणारं काही नाही, म्हणजे हा त्रासच नाही.”

“वेग नक्की वाढेल, साहेब,” अण्णा म्हणाले. “पण त्रास जाणार नाही. फ्लॅश मेमरीत लिहितात छोट्या पानांनी, पण पुसता येतं ते शेकडो पानांच्या मोठ्या ब्लॉकने. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. मग तीही आतल्या आत तेच करते, कामाची पानं उचलून दुसरीकडे लिहायची आणि ब्लॉक पुसायचा. म्हणून बनवणारेच काही जागा आपल्यापासून लपवून ठेवतात. विकताना जीबी मोजतात १०० कोटी बाइटचा, आत चिप असते १०७ कोटी ३७ लाख बाइटच्या हिशेबाची. हा ७ टक्क्यांचा फरक ते स्वतःसाठी राखतात, आणि सर्व्हरसाठीच्या एसएसडीत त्याहून जास्त. ज्यांनी वस्तू बनवली त्यांनाच ती पूर्ण भरायची नसते. आपण का भरावी?”

शेल्फ आलं, पण गोष्ट तिथेही संपली नाही. नव्या डिस्क रिकाम्या, जुन्या भरलेल्या. ॲरे साहजिकच सगळं नवं लिखाण रिकाम्या डिस्कवर टाकू लागला. म्हणजे रोजचं सगळं ओझं मोजक्या नव्या डिस्कवर आणि जुन्या जुन्याच दुखण्यात. जुनी माहिती उचलून सगळ्या डिस्कवर सारखी पसरवण्याचं काम रात्रीमागून रात्री करावं लागलं आणि ते संपायला जून उजाडला. ऑक्टोबरात, ७५ टक्क्यांना, हेच शेल्फ लागलं असतं तर हलवायची माहितीही कमी होती आणि हलवायला जागाही होती.

त्यानंतर बँकेत काही नियम झाले. ६५ टक्क्यांना खरेदीचं टिपण निघतं, कारण निविदा, मंजुरी, पुरवठा आणि फेरमांडणी धरून पाच-सहा महिने जातात आणि तेवढ्या काळात किती भरेल हे आधीच्या वर्षाच्या वहीत दिसतं. ८० टक्क्यांवर नवं काहीही त्या ॲरेवर येत नाही, मग मागणारा कुणीही असो. प्रत्येक प्रतीला एक मालक आणि एक शेवटची तारीख असते, आणि तारीख उलटली की विचारणा मालकाकडे होते. स्नॅपशॉट मुदत संपेल तसा रोज एकेक सुटतो. साहेबांपुढे दर महिन्याला जाणाऱ्या तक्त्यात आता भरण्याच्या टक्क्याशेजारी आणखी दोन रकाने आहेत : उत्तराची सरासरी वेळ आणि डे-एंड संपल्याची वेळ. तो तक्ता ती मुलगी तयार करते आणि स्वतः साहेबांना समजावून देते.

या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही. काटकसर खरी होती, घाई खरी होती, भीतीही खरी होती. चूक होती ती एका समजुतीत : शिल्लक जागा म्हणजे न वापरलेली जागा, आणि जोवर ती संपत नाही तोवर सगळं ठीक. भिंतीवर आपटेपर्यंत रस्ता मोकळाच असतो, असं मानण्यासारखंच हे. प्रत्यक्षात ॲरे थांबतो १०० टक्क्यांना, पण थकू लागतो त्याच्या कितीतरी आधी. प्रत्येक ॲरे सारखाच थकतो असंही नाही. जागच्या जागी लिहिणाऱ्या जुन्या रीतीच्या पेटीला विखुरण्याचा त्रास कमी. तिथेही भरणा वाढला की डिस्कच्या डोक्याची धाव लांबते, आतल्या, हळू रेषा वापरात येतात आणि त्याच डिस्कवर जास्त कामं लादली जातात. किती टक्क्यांना कोण थकतो हे ज्याचं त्याने मोजावं. पण मोजावं नक्की.

तात्पर्य असं की मोकळी जागा रोज काम करत असते. ती आहे म्हणून लिहिणं सलग होतं, वाचणं लवकर होतं आणि जुनं हळूच सोडता येतं. ती संपत आली की साफसफाई, फेरमांडणी आणि भर ही तिन्ही कामं सर्वात महाग होतात, कारण तिन्ही कामांना तीच लागते. जागा करायची ती जागा असतानाच. आज आपल्या ॲरेचा भरणा किती आहे ते पाहा, त्याच्या शेजारी उत्तराची वेळ लिहा, वर्षभरापूर्वीचे तेच दोन आकडे काढा, आणि आजचे आकडे तेव्हाच्यापेक्षा चढे असतील तर टिपण या आठवड्यातच पाठवा.